कसणाऱ्याच्या पदरात काय?



  महसूल वकिलांच्या या अधिवेशनात अध्यक्षाने वर्षभरातल्या निवाड्यांचा आणि दुरुस्त्यांचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो छापून तुमच्या हाती दिला आहे, जरूर वाचा. मला मात्र आज एकच गोष्ट बोलायची आहे; कैक वर्षं ती मनात धरून आहे. शेतजमीन वाचवण्यासाठी आपण जे कायदे केले, त्यांतून कसणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

सकाळी कूळकायद्याच्या कलम ६३ वर खडाजंगी झाली. बिगरशेतकऱ्याला जमीन घेण्याची बंदी ठेवायची की उठवायची? मी माझ्या कचेरीत पाहिलेलं सांगतो. दूरच्या कुठल्या तालुक्यात वडिलोपार्जित दोन-चार गुंठ्यांना नाव लागलेलं असतं. त्यावर शेतकरी दाखला निघतो आणि शहराच्या वेशीवरची बागायत खरेदी होते. मग तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, आत गुडघाभर गवत. कायदा तंतोतंत पाळलेला! कलम राहो वा जावो, त्या रानात नांगर चालेल की नाही हे त्यावर ठरत नाही.

विकास आराखड्यातल्या झोनचं तसंच. पुण्याच्या पूर्वेला माझा एक पक्षकार मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर काढून मार्केट यार्डात पाठवायचा. आराखड्यात ओढ्याच्या अलीकडे हिरवा, म्हणजे शेतीचा पट्टा पडला, पलीकडे पिवळा, म्हणजे रहिवासी. माती तीच, पाणी तेच. पण पलीकडची जमीन गुंठ्यावर विकू लागली आणि याची एकरावरसुद्धा कुणी विचारेना. तो मला म्हणाला, “वकीलसाहेब, हिरवळ सगळ्या शहराला पाहिजे, मग तिचे पैसे मी एकट्यानं का भरायचे?” याचं उत्तर आपल्या एकाही कायद्यात नाही. पुढे त्याच्या मुलांनी विहिरीवरची मोटर काढली आणि झोन बदलण्याची वाट बघत बसली. नकाशावर पट्टा अजून हिरवा आहे. रान पडीक आहे.

करसवलत तर नेमकी उलट्या टोकाला आहे. दहा लाखांवर वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन आयकर कायद्याच्या लेखी भांडवली मत्ताच नाही. विकली की नफा करमुक्त. हद्दीतली विकली तर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्या, सूट मिळेल. म्हणजे सरकार मेहेरबान होतं ते जमीन हातची जाताना! जो विकत नाही, त्याला काय? निर्बंधही भरवशाचे नाहीत. गोव्याने २०२३ मध्ये भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घातले, आणि त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालून झोन ‘दुरुस्त’ करण्याची वाटही उघडली. अशाने शेतकऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा?

न विकणाऱ्याला काही देणारे कायदे बाहेर आहेत. कॅलिफोर्नियात १९६५ च्या विल्यमसन कायद्याखाली मालक किमान १० वर्षं जमीन शेतीखालीच ठेवण्याचा करार करतो आणि त्याचा मालमत्ताकर बाजारभावाऐवजी शेतीतल्या उत्पन्नावर बसतो. आपला शेतसारा नाममात्र, तो माफ करून काय साधणार, असा आक्षेप मघाशी आला. मान्य आहे. म्हणून मला मेरिलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीची वाट जवळची वाटते. तिथे १९८० मध्ये सुमारे ९३,००० एकर राखून २५ एकरांत एकच घर असा कडक निर्बंध घातला. पण शेतकऱ्याला दर ५ एकरांमागे विकता येईल असा एक विकासहक्क दिला. बिल्डर तो घेऊन दुसरीकडे बांधतो. आपण रस्त्याला असाच हस्तांतरणीय विकासहक्क, म्हणजे टीडीआर देतो, बागेच्या आरक्षणाला देतो. उभ्या पिकालाच का नको?

तेव्हा त्याच तत्त्वावर या अधिवेशनाने एक मसुदा करावा. ओढ्यापलीकडच्या पिवळ्या पट्ट्यातून जे विकासशुल्क जमा होतं, त्यातला वाटा अलीकडच्या कसणाऱ्याला दरवर्षी मिळावा. किती, कुठल्या खात्यातून, हे कार्यकारिणीने बसून ठरवावं. मी हवा तेवढा वेळ देईन. माझी अट एकच. पैसे निव्वळ सातबाऱ्यावरच्या नावाला मिळता कामा नयेत, पीकपाहणीच्या नोंदीवर मिळावेत. आणि ती नोंद मोबाईलवरच्या फोटोवर न सोडता तलाठ्याने बांधावर येऊन तपासावी. यावर कुणाला भांडायचं असेल, तर जेवणानंतर मी याच मांडवात आहे.