काचपेटीतील पाणी : नितळ आणि निर्मळ



घरातील किंवा शाळेच्या वर्गातील माशांची काचपेटी ही सामान्यतः शोभेची वस्तू समजली जाते. वस्तुतः ती एक लहानसे तळेच असते. तळ्यात जे घडते ते सर्व तिच्यात घडते. मात्र पाणी थोडे असल्यामुळे ते लवकर घडते आणि काचेतून आपल्याला दिसते. म्हणूनच पाण्याविषयी काही शिकावयाचे व शिकवावयाचे असेल, तर याहून सोयीचे साधन क्वचितच सापडेल.

नव्या काचपेटीचा अनुभव बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. हौसेने पेटी आणली जाते, तळाशी वाळू पसरून पाणी भरले जाते आणि त्याच दिवशी आठ-दहा मासे सोडले जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होते, त्यात कण तरंगू लागतात. मग सगळे पाणी ओतून देऊन वाळू, गाळणी व काचा नळाखाली स्वच्छ धुतल्या जातात. दोन दिवस पाणी छान दिसते आणि पुन्हा गढूळ होते. असे दोन-तीनदा झाले की मासे मरू लागतात. येथे श्रमांत काही उणे नसते. उणे असते ते एवढेच, की पाणी गढूळ का झाले हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

आधी निदान, मग उपाय

गढूळपणा हा रोग नसून लक्षण आहे. त्याचे कारण ओळखण्याची एक सोपी रीत आहे. पेटीतील पाणी काचेच्या स्वच्छ पेल्यात घ्यावे, पेल्यामागे पांढरा कागद धरावा आणि पेला काही तास न हलवता ठेवावा. कण तळाशी बसून वरचे पाणी निवळले, तर तो वाळूची धूळ, उरलेले अन्न किंवा माशांची विष्ठा यांचा दोष समजावा. पाणी दुधी राहून तळाशी काहीच बसले नाही, तर तो जिवाणूंच्या वाढीचा परिणाम असतो. हिरवी छटा कायम राहिली, तर ती तरंगत्या सूक्ष्म शेवाळाची होय. पाणी आरपार दिसत असून चहासारखे पिवळसर असेल, तर तो पेटीत ठेवलेल्या लाकडाचा उतरलेला रंग असतो. तो माशांना सहसा अपायकारक नसतो आणि गाळणीत क्रियाशील कोळसा ठेवल्यास निघून जातो.

तरंगणाऱ्या कणांचा बंदोबस्त पेटी भरण्यापूर्वीच सुरू होतो. वाळू बादलीत घेऊन, ढवळून, निथळणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी. भरताना वाळूवर एक बशी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडावे, म्हणजे तळ ढवळला जात नाही. पुढे आठवड्यातून एकदा रबरी नळीने सायफन करून तळाचा गाळ पाण्यासह ओढून घ्यावा. या रीतीने चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेच ताजे पाणी भरणे पुरेसे असते. गाळणीतील स्पंज बारीक कण अडवितो. त्यात तलम तंतूंचा थर घातल्यास आणखी बारीक कण अडतात.

हिरव्या पाण्यावरील उपाय प्रकाशाचा आहे. पेटी खिडकीतील थेट उन्हातून हलवावी, दिवा सहा ते आठ तासांपेक्षा अधिक वेळ लावू नये. पाणी फारच हिरवे असेल, तर तीन-चार दिवस पेटी काळ्या कापडाने झाकून ठेवावी; त्या काळात हवेचा पंप मात्र चालू असावा. या दोन्ही दोषांच्या मुळाशी बहुधा जास्तीचे अन्न असते. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील इतकेच अन्न दिवसातून एकदा किंवा दोनदा द्यावे. शाळेत हे काम एका दिवशी एकाच विद्यार्थ्याकडे सोपवावे; अन्यथा प्रत्येक जण प्रेमाने चिमूटभर टाकतो आणि त्या प्रेमाने पाणी नासते.

न दिसणारे सहकारी

दुधी पाण्याचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. नव्या पेटीत उरलेले अन्न व विष्ठा यांवर जगणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि पाणी धूसर दिसते. अन्न कमी केले, हवा चालू ठेवली आणि धीर धरला, तर ही अवस्था काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते.

परंतु याच काळात दुसरी एक क्रिया संथपणे सुरू झालेली असते. माशांच्या उत्सर्गातून व कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी आहे. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतो, तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो, जे त्या मानाने पुष्कळ सौम्य असते. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते वाळूच्या कणांवर आणि गाळणीच्या स्पंजवर वस्ती करतात व ती वस्ती जमावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. नळाखाली सगळे धुऊन काढणारा मनुष्य नेमकी हीच वस्ती उठवितो. यास्तव स्पंज धुवावयाचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळून धुवावा आणि सुरुवातीस दोन-चारच मासे सोडावेत.

नळाच्या पाण्याविषयी आणखी एक दक्षता आवश्यक आहे. आपल्या गावांत पाणी निर्जंतुक करण्यासाठी टीसीएल पावडर वापरतात, हे पंचायत सदस्यांना सांगावयास नको. तिच्यातील क्लोरीन माणसाचे रक्षण करतो. पण माशांच्या कल्ल्यांना आणि उपकारक जिवाणूंना तो घातक ठरतो. म्हणून पेटीत भरावयाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे आणि नंतरच वापरावे.

गढूळ पाण्यात तुरटी फिरविणे किंवा निवळीचे बी उगाळून घालणे ही आपल्या घरांतील जुनी पद्धत आहे. तुरटीमुळे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात व तळाशी बसतात. पिण्याच्या पाण्यासाठी ही रीत उपयुक्त आहे. परंतु मासे असलेल्या पेटीत ती वापरू नये. तुरटीने पाण्याची आम्लता वाढते आणि तिच्यातील ॲल्युमिनियम कल्ल्यांना इजा करू शकते. शिवाय कण तळाशी बसले तरी ते निर्माण होण्याचे कारण तसेच राहते.

नितळ म्हणजे निर्मळ नव्हे

अमोनिया व नायट्राइट यांनी पाण्याचा रंग बदलत नाही. त्यामुळे आरशासारख्या नितळ पाण्यातही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसतात. उलट लाकडाच्या रंगाने तांबूस झालेल्या पाण्यात ते सुखाने नांदतात. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता आणि जीवाला मानवणारी स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काचपेटी शिकविते ते मुख्यतः हेच.

हा धडा माशांपुरता नाही. वाळूवरील जो सजीव थर पेटीतील पाणी सुधारतो, त्याच्यासारख्याच थरावर मंदगती वाळू-गाळणी चालते. अशी गाळणी जेम्स सिम्पसन यांनी १८२९ साली लंडनमधील चेल्सी जलपुरवठ्यासाठी उभारली. १८९२ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. ते शहर एल्बे नदीचे पाणी न गाळता पुरवीत होते. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचे पाणी घेत होते; पण ते वाळूतून गाळून देत असल्यामुळे तेथे साथीचा जोर फारच कमी राहिला. आपल्या गावच्या विहिरीचे पाणी केवळ नितळ दिसते म्हणून तपासणी व क्लोरिनेशन टाळणे हे नव्या काचपेटीच्या मालकासारखेच वागणे होय, आणि तेथे पणाला लागतात ती माणसे.

शेवटी एक विनंती. काचेवरील शेवाळ खाण्यासाठी अनेक जण सकर मासा आणतात. दक्षिण अमेरिकेतील हा मासा मोठा होतो, स्वतःच भरपूर घाण करतो आणि पेटीत मावेनासा झाला की नदीत अथवा तलावात सोडला जातो. उजनी जलाशयात हे मासे आढळले आहेत. ते मच्छीमारांची जाळी फाडतात आणि स्थानिक माशांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगतात. पेटीतील कोणताही मासा नैसर्गिक पाण्यात सोडू नये. तो विक्रेत्याकडे अथवा दुसऱ्या हौशी पालकाकडे द्यावा. पेटीतून काढलेले पाणी मात्र शाळेच्या बागेत अवश्य घालावे, कारण त्यातील नायट्रेट झाडांना खत म्हणून उपयोगी पडते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एक वही ठेववावी. पाणी कधी बदलले, अन्न किती दिले, पेल्यातील पाणी कसे दिसले, मासे कसे वागले, याची रोज एक ओळ त्यात लिहावी. महिन्याभरात मुलांना कळेल, की पाणी घाईने स्वच्छ होत नाही. ते स्वच्छ ठेवणाऱ्या सजीवांना वेळ द्यावा लागतो. उद्या हीच मुले गावच्या पाणीपुरवठ्याचा कारभार पाहतील. तेव्हा पाणी दिसते कसे यावर न थांबता ते आहे कसे हे विचारण्याची सवय त्यांना आजच लागावी, एवढीच अपेक्षा.