त्याचा स्वभावच तसा!



मानसशास्त्रावर बोलण्यासाठी चालकांनी एका कामगार कार्यकर्त्याला उभे केले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. माझे जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. पण तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत उभा आहे, आणि माणसांशी गाठ रोजची आहे. या तीस वर्षांत एक वाक्य मी जितक्या वेळा ऐकले तितके दुसरे कोणतेही ऐकले नाही. ते वाक्य म्हणजे, ‘त्याचा स्वभावच तसा!’ मालक हे कामगाराविषयी म्हणतो, कामगार मुकादमाविषयी म्हणतो, सासू सुनेविषयी म्हणते आणि सून सासूविषयी. एवढे बोलले की प्रकरण मिटले. पुढे विचार करण्याचे काम उरत नाही. आज हे एकच वाक्य आपण तपासून पाहू. स्वभाव म्हणजे काय, चारचौघांत त्याचे काय होते, आणि आजारालाच आपण स्वभाव म्हणतो तेव्हा काय अनर्थ होतो, असे माझ्या बोलण्याचे तीन भाग आहेत.

आधी स्वभाव. तो असतो, यात वाद नाही. एकाच आईची दोन लेकरे पाळण्यातच वेगळी वागतात, हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. आपल्याकडे सत्त्व, रज, तम अशी वाटणी जुनी आहे. पश्चिमेकडच्या अभ्यासकांनी मोजमापाचा मार्ग धरला. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसामाणसांतला फरक सांगणारे शब्द वेचून काढले. ते भरले जवळजवळ अठरा हजार! पुढच्या संशोधकांनी असे शब्द गाळून, एकमेकांसोबत येणारे गुण एकत्र बांधून, अखेर पाच मोठ्या पट्ट्या ठरवल्या. नव्याची ओढ, कामातला काटेकोरपणा, माणसांत मिसळण्याची हौस, मनमिळाऊपणा आणि मन लवकर बिथरण्याची प्रवृत्ती, या त्या पाच. यांतली प्रत्येक म्हणजे मोजपट्टी आहे, खोका नव्हे. ‘हा मिसळणारा, तो घुम्या’ अशी दोन खोक्यांत माणसे भरता येत नाहीत. बहुतेक माणसे मध्यावर कुठेतरी असतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, या गुणांत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा असतो.

म्हणजे उरलेला वाटा जगण्याचा आहे. १९६८ साली वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने एक अडचणीचा प्रश्न विचारला. एका प्रसंगी माणूस कसा वागला, यावरून दुसऱ्या प्रसंगी तो कसा वागेल हे कितपत सांगता येते? उत्तर आले, फारच थोडे. आपलाही अनुभव पाहा. खात्यात दिवसभर चार शब्द न बोलणारा गडी गणपतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे नाचतो. मग त्याचा स्वभाव कोणता? या प्रश्नावर बरीच वर्षे वाद झाला आणि निष्कर्ष साधारण असा निघाला : पुष्कळ प्रसंगांची सरासरी काढली तर स्वभाव दिसतो, एका प्रसंगात बहुधा परिस्थितीच बोलते. आपण मात्र एकच प्रसंग पाहतो आणि स्वभाव ठरवून मोकळे होतो. दुसऱ्याचे वागणे आपण त्याच्या स्वभावाच्या खात्यावर टाकतो आणि परिस्थिती विसरतो, या खोडीला ली रॉस यांनी १९७७ साली मूलभूत चूक असेच नाव दिले. आपण उशिरा आलो तर बस चुकलेली असते. दुसरा उशिरा आला तर तो आळशी असतो.

परिस्थिती स्वभावाला कुठवर वाकवते, याचा एक जुना पुरावा आपल्यासमोर ठेवतो. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराजवळ मारिएनथाल नावाचे गाव होते. कापडगिरणीभोवती वसलेले. मंदीच्या लाटेत ती गिरणी बंद पडली आणि गावातल्या बहुतेक घरांतली मिळकत एकदम थांबली. १९३१ च्या अखेरीस मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण अभ्यासक आपल्या सहकाऱ्यांसह त्या गावात उतरले. नुसते प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. कपडे वाटले, आरोग्य तपासणी चालवली, आणि ४७८ कुटुंबांची बारकाईने नोंद ठेवली. त्यांचे पुस्तक १९३३ साली निघाले.

त्यांना काय दिसले? गावात ग्रंथालय होते. आता लोकांना वेळच वेळ होता, वर्गणीही माफ केली होती. तरी वाचायला नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. अभ्यासकांनी खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली. कुठेही जायचे नसलेले पुरुष पुन्हा पुन्हा थांबत, रेंगाळत. बायका त्यांच्यापेक्षा सुमारे दीडपट वेगाने चालत, कारण चूल, धुणे आणि मुले यांनी त्यांना काही सुटी दिली नव्हती. पुरुषांना दिवसाचा हिशेब लिहायला सांगितला, तर उठणे, जेवणे, निजणे यांपलीकडे त्यांना काही आठवेना.

अभ्यासकांनी कुटुंबांचे चार प्रकार केले : उमेद टिकवलेली, निमूट सोसणारी, निराश आणि सर्वस्वी खचलेली. आता हे प्रकार स्वभावाचे वाटतात की नाही? पण पुढे त्यांनी माणशी मासिक उत्पन्न मांडून पाहिले. उमेद असलेल्या घरांत ते सरासरी ३४ शिलिंग होते, सोसणाऱ्यांत ३०, निराश झालेल्यांत २५ आणि खचलेल्यांत १९. चार ते सहा शिलिंगांचा फरक, आणि माणसाचा ‘स्वभाव’ एक पायरी खाली! याहोडाबाईंनी पुढे आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांचे म्हणणे असे की, नोकरी पगार तर देतेच. पण त्याखेरीज पाच गोष्टी न मागता देते. दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, दहाजणांनी मिळून काही केल्याचे समाधान, समाजात ओळख आणि हातांना रोजची हालचाल. नोकरी गेली की पगारासोबत या पाचही गोष्टी जातात.

हे सर्व परक्या मुलखातले म्हणून बाजूला सारता येणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापडगिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि हजारो माणसे गिरणीत परतली नाहीत. कोणी कोकणात गेले, कोणी घाटावर. त्या घरांतली मुले आज माझ्या वयाची आहेत. ‘बाप नंतर नुसता ओट्यावर बसून असायचा’ हे वाक्य मी त्यांच्यापैकी किती जणांकडून ऐकले, त्याची गणती नाही. शेजारी म्हणत, माणूस आळसावला. मारिएनथालची हकीकत वाचल्यावर ते ओटे मला वेगळे दिसू लागले.

आता दुसरा भाग, चारचौघांचा. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते सांगायचे. लहान मुलालाही जमेल. पण खोलीतली बाकीची सगळी माणसे आधीच फितवलेली असत आणि ठरलेल्या वेळी एकमुखाने चुकीचे उत्तर देत. खरा परीक्षार्थी एकच. अशा परीक्षार्थींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी, डोळ्यांना दिसत असलेले सोडून, चारचौघांची री ओढली. चौथा हिस्सा शेवटपर्यंत ढळला नाही, हेही विसरू नये.

पण या प्रयोगातली माझ्या कामाची गोष्ट निराळी आहे. फितवलेल्यांपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी परीक्षार्थीची भीड मोठ्या प्रमाणात उडे. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिले, तर तो पुष्कळदा खरे तेच लिही.

१९६१ साली स्टॅनली मिलग्रॅम यांनी येल विद्यापीठात याहून कठोर प्रयोग सुरू केले. करडा डगला घातलेला एक अधिकारी सांगतो म्हणून, माणूस पलीकडच्या खोलीतल्या निरपराध माणसाला विजेचे झटके कुठवर देईल? झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. ही क्रूर स्वभावाची माणसे नव्हती; घाम पुशीत, थरथरत, नाइलाज म्हणून ती खटका दाबीत होती. मात्र दुसऱ्या एका फेरीत शेजारी बसलेल्या दोन साथीदारांनी ‘आम्ही करणार नाही’ म्हणून हात वर केले, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटापर्यंत गेले. आज असे प्रयोग करू दिले जाणार नाहीत आणि त्यांच्या पद्धतीवर टीकाही झाली आहे. तरी २६ आणि ४ या दोन आकड्यांमधले अंतर विसरता येत नाही. माणसे तशीच, हुकूम तोच; फरक पडला तो शेजारच्या दोघांमुळे.

बंधूंनो, संघटना म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही. संघटना म्हणजे शेजारी उभा राहणारा दुसरा माणूस. पण हे शस्त्र दुधारी आहे आणि संघटनेचा माणूस म्हणूनच मी ते बोलतो. दारसभेत हात वर करायला सांगितले की सगळेच हात वर जातात. त्यांतले किती पटले म्हणून गेले आणि किती शेजाऱ्याच्या भिडेने, हे वरून कळत नाही. म्हणून संपासारखा निर्णय, ज्यात चुली विझू शकतात, तो चिठ्ठीने व्हावा, हाताने नव्हे. मालकाच्या दडपणाविरुद्ध उभी राहिलेली संघटना आपल्याच माणसांवर दडपण आणू लागली, तर तिच्यात आणि त्या डगलेवाल्यात अंतर राहत नाही.

आता तिसरा भाग. इथे ‘स्वभावच तसा’ या वाक्याने माणसाचा जीव जाऊ शकतो.

एका कारखान्यात बावीस वर्षे लेथवर काम केलेला एक टर्नर होता. हजेरीचा पक्का. एका पावसाळ्यात तो उशिरा येऊ लागला, मग येईनासा झाला. आला तरी यंत्रासमोर बसून राही, डबा उघडत नसे. फोरमन म्हणाला, कामचुकार झाला. सोबती म्हणाले, आधीपासून घुम्याच. विनापरवाना गैरहजेरीची चार्जशीट निघाली. त्याच्या पत्नीला आम्ही विचारले तेव्हा तिने तीन गोष्टी सांगितल्या : पहाटे तीनला जागे होतात, जेवण सुटले आहे, आणि ‘माझा कोणाला उपयोग नाही’ असे म्हणतात. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात डॉक्टरांनी आजाराला नाव दिले : नैराश्य. ते कागद आम्ही चौकशीत ठेवले. औषध, समुपदेशन आणि काही महिन्यांची रजा यानंतर तो माणूस पुन्हा लेथवर उभा राहिला.

दुःख सर्वांनाच होते. दुःख म्हणजे आजार नव्हे. पण मन उदास असणे किंवा कशातच गोडी न वाटणे, हे निदान दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ टिकले, आणि त्यासोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडली, अपराधी वाटू लागले, मरणाचे विचार येऊ लागले, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. कारण नसताना सतत धास्ती वाटणे हा चिंतेचा आजार. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणी आपल्यावर कट रचला आहे अशी अढळ समजूत होणे, ही स्किझोफ्रेनियाची लक्षणे असू शकतात. दारूचे व्यसन हाही उपचार असलेला आजार आहे. यांतले काहीच बाहेरची बाधा नव्हे, आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. आनुवंशिकता, मेंदूतले बदल आणि आयुष्यातले आघात यांचा त्यात कमीअधिक हात असतो. आमच्या चळवळीतले काही मित्र म्हणतात, सगळे रोग व्यवस्थेचे. तेही खरे नाही. स्किझोफ्रेनिया बंगल्यातही होतो आणि चाळीतही. फरक इतकाच की, चाळीतला रोगी डॉक्टरकडे पोहोचण्याआधी बहुधा देवऋषाकडे पोहोचतो.

बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. या मांडवाखालच्या दर दहा खुर्च्यांमागे साधारण एक. आणि त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. १९१२ चा कायदा या माणसांना ‘वेडे’ म्हणत होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांना उपचाराचा हक्क दिला, विमा कंपन्यांनी शरीराच्या आणि मनाच्या आजारांना समान वागणूक द्यावी असे सांगितले, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला लावले. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर फोन करून फुकट सल्ला मिळतो. हा आकडा कारखान्याच्या फलकावर आणि प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असावा, ही माझी मागणी आहे. मागणी करण्याची सवय आहे, म्हणून इथेही एक केली.

शेवटी एवढेच सांगतो. यापुढे ‘त्याचा स्वभावच तसा’ हे वाक्य ओठांवर आले, की तीन प्रश्न स्वतःला विचारा. तो नेहमीच असा वागतो, की या प्रसंगीच? त्याच्या शेजारी कोण उभे आहे, की कोणीच नाही? आणि तिसरा प्रश्न, केव्हापासून? ज्या माणसाच्या बाबतीत ‘केव्हापासून’ याचे उत्तर तारखेनिशी देता येते, त्याचा स्वभाव बदललेला नसतो. त्याच्यावर काहीतरी गुदरलेले असते. त्याला उपदेश नको असतो. त्याच्याजवळ बसावे, विचारावे, आणि गरज असेल तर त्याला हाताला धरून दवाखान्यात न्यावे. हे काम पंडितांचे नव्हे, तुमचेआमचे आहे.