विटेवरचे नाव



मी चीनला गेलेलो नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे; पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी. तेव्हा प्रवासवर्णन करण्याचा अधिकार मला नाही. परंतु चीनमध्ये मूल दत्तक घ्यावयास गेलेल्या परदेशी आईबापांच्या हकिगती मी पुष्कळ वाचल्या, आणि त्यांतून सुचलेला एक विचार आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

चीनचा दत्तकविधानाचा कायदा १९९२ साली अमलात आला. २०२४ साली, नात्यातल्या मुलांचा अपवाद सोडून, परदेशी दत्तक बंद करण्यात आले. दरम्यान दीड लाखाहून अधिक मुले परदेशी घरांत गेली. त्यांत मुलींचा भरणा फार, आणि निम्म्याच्या आसपास मुले एकट्या अमेरिकेत गेली.

ही मंडळी बहुधा आधी बीजिंगला उतरत. मूल हाती यायला दोनतीन दिवस असत. मग वाटाड्या त्यांना लांब भिंत दाखवी, १४२० साली बांधून झालेला राजवाडा दाखवी. भिंतीच्या पायऱ्या चढायच्या, पण खिशात त्या मुलाचा फोटो, आणि हात पुन्हा पुन्हा तिकडेच जायचा. पाय भिंतीवर आणि जीव अनाथालयात! पुढे मुलाच्या प्रांताच्या राजधानीत जायचे, आणि तिथे सरकारी कचेरीत मूल मांडीवर यायचे.

ज्यांचे मूल ज्यांग्सू प्रांतातले, त्यांची राजधानी नानजिंग. तिथे चौदाव्या शतकातला तट आहे. तो बांधवून घेणारा मिंग घराण्याचा पहिला बादशहा झू युआनझांग हा स्वतःच पोरका. दुष्काळ आणि रोगराई यांत लहानपणी आईबाप गेले, आणि पोटासाठी तो मठात राहिला. त्याच्या तटाचा सुमारे पंचवीस किलोमीटर भाग आजही उभा आहे. त्या तटाच्या विटा पाहण्यासारख्या आहेत. वीट हातभर लांब, आणि तिच्या कडेला अक्षरे उठवलेली: कोणत्या जिल्ह्यातली, देखरेखीला अंमलदार कोण, भट्टीवाला कोण, वीट पाडणारा कोण.

आपल्याकडे वीट म्हटली की पांडुरंग आठवतो. विटेवर कोण उभा आहे ते आपण पाहतो. वीट कोणी भाजली ते विचारीत नाही. म्हणून मला वाटले, वा! काय हा कामगाराचा मान! पुढे वाचले तेव्हा उमगले की नाव मानासाठी नव्हते. वीट कच्ची निघाली तर कोणाला धरायचे, एवढ्यासाठी होते. आमच्या कारखान्यातही पेटीत कामगाराच्या नंबराची चिठ्ठी असे. माल चांगला निघाला तर ती कोणी वाचीत नसे. माल परत आला की आधी चिठ्ठीच शोधीत!

आता त्या तटावर वाट पाहत उभ्या असलेल्या बाईचा विचार करा. पायाखालच्या विटेला सहाशे वर्षांनंतरही नाव आहे. उद्या तिच्या मांडीवर येणाऱ्या लेकीच्या कागदावर जन्मदात्रीचे नाव नाही. जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाने घातलेली, नाव अनाथालयाने ठेवलेले, आणि एक ओळ: अमुक फाटकापाशी सापडली.

हे का झाले? १९८० च्या सुमारास एका जोडप्याला एकच मूल असा दंडक आला. दुसरे झाले तर दंड, नोकरीवर गदा. मूल टाकणे हाही गुन्हाच. म्हणून आई रात्री दवाखान्याच्या दाराशी किंवा बाजारात मूल ठेवून जाई. कोणी जन्मवेळेची चिठ्ठी ठेवी, पण स्वतःचे नाव घालीत नसे. तो दंडक २०१६ च्या आरंभी उठला. काही ठिकाणी ‘सापडली’ हा शब्दही खोटा होता. हुनान प्रांतातल्या हेंगयांग येथे मुलांच्या खरेदीविक्रीचे प्रकरण उघडकीस येऊन २००६ साली शिक्षा झाल्या.

म्हणजे पाहा, विटेवर नाव आले ते शिक्षेच्या भयाने, आणि मुलीच्या कागदावरून नाव गेले तेही शिक्षेच्या भयानेच. राजा बदलला, राज्याची तऱ्हा बदलली. गरिबाचे नाव मात्र राजवटीच्या सोयीने लिहिले किंवा पुसले गेले.

म्हणून मला त्या आईबापांचे कौतुक वाटते, ज्यांनी भिंत आणि राजवाडा पाहून झाल्यावर वाटाड्याला सांगितले, “आता ते फाटक दाखवा.” त्यांनी फाटकाचा फोटो घेतला, लेकीला न्हाऊमाखू घालणाऱ्या दाईशी दोन शब्द बोलले, आणि ते सारे लिहून ठेवले. त्या मुली आता मोठ्या झाल्या. काही चीनला परत जाऊन, रक्ताची चाचणी करून आपली माणसे शोधीत आहेत. त्यांच्यापाशी धागा आहे तो एवढाच.

लांब भिंत पाहावी, जरूर पाहावी. पण ज्या दगडी पायरीवर एका आईने आपले बाळ ठेवले आणि मागे न पाहता निघून गेली, ती पायरी माझ्या मते त्या भिंतीहून मोठी आहे. तिथे कोणाचेही नाव कोरलेले नाही. ते विचारीत राहणे एवढेच आपल्या हाती आहे.