घळीतले पाणी आणि अंगावरचे वस्त्र

वाळवंट हा शब्द कानी पडताच रखरखते ऊन, तापलेली वाळू आणि कोरडा पडलेला घसा हेच चित्र मनापुढे उभे राहते. म्हणून करंजाड्यासारख्या वसाहतीतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेस गेलेला मुलगा जेव्हा घरी कळवितो की, येत्या सुट्टीत मित्रांसह युटाच्या वाळवंटातील एक अरुंद घळ उतरावयाची आहे आणि तीसाठी वेटसूट नावाचा रबरी पोशाख भाड्याने घ्यावा की न घ्यावा याचा खल चालला आहे, तेव्हा आईवडिलांना प्रथम हसूच यावयाचे. वाळवंटात पाण्यातला पोशाख कशाला, असे त्यांस वाटले तर त्यात नवल नाही. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. त्याचे उत्तर चुकल्यास धडधाकट माणूस भर उन्हाळ्यात थंडीने गारठून निकामी होऊ शकतो. शिवाय तोच प्रश्न, थोड्या निराळ्या रूपाने, सह्याद्रीच्या घळींत उतरणाऱ्या इकडच्या तरुणांपुढेही उभा आहे.

प्रथम त्या घळींचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. युटा आणि ॲरिझोना या प्रांतांत वालुकाश्माचे विस्तीर्ण पठार आहे. वर्षातून काही वेळाच येणाऱ्या पण अतिशय जोरकस लोंढ्यांनी त्या मऊ खडकात खोल चिरा पाडल्या आहेत. कित्येक ठिकाणी भिंती शेकडो फूट उंच, तर तळाची रुंदी दोन हातांचीही नाही. आपल्याकडे पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात जसे रांजणखळगे पडले आहेत, तसेच खळगे या घळींच्या तळाशी असतात. मागच्या वादळाचे किंवा वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यांत आठवडेच्या आठवडे साचून राहते. सूर्याचा किरण त्या तळाशी पोहोचला तर माध्यान्ही काही मिनिटे. एरवी तेथे सावलीचेच राज्य. वर पठारावर चाळीस अंशांचे ऊन आणि खाली छातीइतक्या बर्फगार पाण्याचे कुंड, असा हा विलक्षण संसार असतो.

महाराष्ट्रात याच्याशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी जागा म्हणजे अकोले तालुक्यातील साम्रद गावची सांदण दरी. भंडारदऱ्याच्या परिसरात, रतनगडाच्या शेजारी, काळ्या पाषाणाला पडलेली ही प्रचंड फट आहे. दोन्ही बाजूंस शेदोनशे फुटांहून उंच कडे, मध्ये दगडधोंड्यांची अरुंद वाट, आणि त्या वाटेत पाण्याची दोन कुंडे. पहिले उथळ, दुसरे अधिक खोल. ऋतुमानाप्रमाणे पाणी कमीजास्त होते, पण एप्रिल-मे महिन्यांतही त्याचा गारवा हाडांपर्यंत जाणवतो. पुढे दोराने कडे उतरत कोकणाच्या अंगाला शहापूर तालुक्यात उतरता येते. पनवेल, ठाणे, पुणे येथील तरुण हिवाळ्यात व उन्हाळ्यात येथे मोठ्या हौसेने जातात.

आता पाण्यात थंडी एवढी का वाजते, ते पाहावे. पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणूनच वीस अंशांची हवा सुखाची वाटते, पण वीस अंशांच्या पाण्यात अर्धा तास उभे राहिले तर दातखिळी बसू लागते. त्यातही घात होतो तो क्रमाक्रमाने. फार थंड पाण्यात शिरताच प्रथम श्वास कोंडतो आणि धाप लागते. थोड्या वेळाने बोटे बधिर होतात. दोराची गाठ सोडणे, कडी उघडणे ही पोराठोरांची कामेही मग जमेनाशी होतात. त्यानंतर शरीराच्या गाभ्याची ऊब उतरू लागते. सदतीस अंशांच्या आसपास असणारे शरीराचे तापमान पस्तिसाखाली गेले की डॉक्टर जिला हायपोथर्मिया म्हणतात ती अवस्था सुरू होते. घळीत दोरावाचून पुढे जाता येत नाही आणि वरचा दोर एकदा ओढून घेतला की मागेही फिरता येत नाही. अशा जागी बोटे बधिर होणे हे नुसते दुःख नव्हे, संकट होय.

या संकटावरचा उपाय म्हणून वेटसूट आला. त्याचे मूळ द्रव्य निओप्रीन हे कृत्रिम रबर असून ते १९३० साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. पुढे १९५२ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांना पाणबुड्यांच्या पोशाखाचा विचार करताना एक साधी गोष्ट उमगली. ऊब राखण्यासाठी अंग कोरडे असलेच पाहिजे, असे नाही. निओप्रीनच्या फेसाळ पत्र्यात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे बंदिस्त असतात. उष्णतेस अडविण्याचे काम ते करतात. पोशाखाच्या आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने तापतो आणि पोशाख घट्ट असेल तर तेथेच राहतो. पाण्याचा तो थरच ऊब देतो, हा समज मात्र बरोबर नाही. ऊब राखतात ते बुडबुडे. यावरून एक व्यावहारिक धडा निघतो. पोशाख ढगळ असेल तर प्रत्येक हालचालीबरोबर गार पाणी आत-बाहेर करीत राहील आणि पैसे वाया जातील. थोरल्या भावाचा पोशाख धाकट्याच्या अंगावर चढविणे येथे चालावयाचे नाही.

मग घालावा की न घालावा? पुष्कळजण याचा निकाल आभाळाकडे पाहून लावतात. ऊन कडक दिसले की पोशाख गाडीतच ठेवून निघतात. ही पद्धत मुळातच चुकीची, कारण घळीतल्या पाण्यास वरच्या उन्हाची खबरही नसते. विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. पाणी किती गार आहे? त्यातून घोट्यापर्यंत चालावयाचे की गळ्यापर्यंत पोहावयाचे? अशी कुंडे एक की दहा? एका कुंडातून निघाल्यावर उन्हात अंग शेकण्यास जागा आहे, की पुढचे कुंड सावलीतच वाट पाहत आहे? मंडळीत सर्वांत सडपातळ, सर्वांत लहान किंवा सर्वांत नवखा कोण? निर्णय त्याच्या अंगाकडे पाहून व्हावा, टोळीतील मल्लाच्या अंगाकडे पाहून नव्हे. ढोबळ मानाने, पाणी वीस-एकवीस अंशांहून उबदार आणि भिजणे थोडा वेळ असेल तर पोशाखावाचून भागते. त्याहून गार असेल तर तीन मिलिमीटर जाडीचा, आणि पंधरा अंशांखाली चार-पाच मिलिमीटरचा पोशाख शहाणपणाचा ठरतो.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न एकच, आणि तोच बहुधा विचारला जात नाही. कोणाचा पाय मुरगळला, दोर अडकला, किंवा पुढच्या टोळीमुळे खोळंबा झाला, तर ओल्या अंगाने दोन तास एकाच जागी थांबता येईल काय? चालणारा माणूस आपल्या श्रमाने ऊब निर्माण करतो; त्यास पातळ सदराही पुरतो. थांबलेल्या माणसाजवळ ती शिदोरी नसते. वेटसूट हा चालणाऱ्यासाठी नसून थांबणाऱ्यासाठी आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. म्हणून ठरलेल्या वेळापत्रकावर नव्हे, तर फसलेल्या वेळापत्रकावर नजर ठेवून वस्त्र निवडावे. कुंडाच्या काठावर कुडकुडत उभे राहून हा विचार करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

याचा अर्थ पोशाख सदैव घालावा, असा मात्र नव्हे. कोरडा असताना त्याचे ओझे दीड-दोन किलोचे, भिजला की त्याहून अधिक. उन्हात तो अंगावर चढवून तासभर चालल्यास घामाच्या धारा लागतात, आणि थंडीच्या भयाने घेतलेले वस्त्र उष्माघातास निमंत्रण देते. तो पिशवीतून न्यावा आणि पाण्याच्या काठी चढवावा, हेच उत्तम. पाणी पिण्याचा विसर पडू देऊ नये. निओप्रीन पाण्यावर तरंगते, त्यामुळे पोहणे सोपे होते, हे खरे. तथापि तो जीवरक्षक जाकीट नव्हे. ज्यास पोहता येत नाही तो वेटसूट घातल्याने पोहणारा होत नाही. पाण्यात पडले की पोहता येते, ही म्हण घरगुती उद्योगांना लागू असेल. घळीतील डोहाला ती लागू नाही.

सांदणच्या बाबतीत हिशेब सुटसुटीत आहे. उन्हाळ्यात कुंडे ओलांडून उजेडात परत यावयाचे असेल तर वेटसूटची गरज नाही. मात्र जाड सुती पँट आणि सुती बनियन ही सर्वांत वाईट निवड. सूत पाणी धरून ठेवते आणि अंगाची ऊब शोषीत राहते. याउलट लोकर भिजली तरी बरीचशी ऊब राखते. पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराला हे शास्त्र कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक आहे. लोकरीचा किंवा लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचा सदरा अंगात, आणि न भिजणाऱ्या पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड, एवढे पुरे. डिसेंबर-जानेवारीत संपूर्ण दरी उतरून मुक्काम करावयाचा असेल, किंवा बरोबर मुले असतील, तर पातळ वेटसूट न्यावा हे बरे.

एवढे करूनही एखादा गारठला, तर त्याची चिन्हे ओळखता आली पाहिजेत. प्रथम अनावर कापरे भरते. मग वस्तू हातून पडतात, पाऊल अडखळते, बोलणे तोतरे होते आणि स्वभाव चिडखोर बनतो. अतिशय गारठलेल्या माणसाचे कापणे थांबले तर ते सुधारणेचे नव्हे, धोक्याचे लक्षण समजावे. त्यास वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे उतरवावे, कोरडे चढवावे, डोके झाकावे. शुद्धीवर असून गिळता येत असल्यास गरम गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत. ब्रँडीने ऊब येते ही समजूत घातक आहे. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या फुलतात आणि उरलीसुरली ऊब बाहेर निघून जाते.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वेटसूट थंडीचे उत्तर आहे, पुराचे नव्हे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटेलोप घळीत दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा आला आणि ११ प्रवासी प्राणांस मुकले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी युटातील झायन राष्ट्रीय उद्यानात कीहोल घळीत शिरलेली सातही माणसे अशाच लोंढ्यात गेली. आपल्याकडे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणानजीकच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले. करंजाड्याजवळून वाहणाऱ्या गाढी नदीचे उदाहरणही बोलके आहे. तिचे पाणी माथेरानच्या डोंगरांतून येते. ती किती फुगेल हे काठावरच्या आभाळाने ठरत नाही, डोंगरातल्या पावसाने ठरते. घळीलाही हाच न्याय. डोक्यावर निळे आकाश असताना मागून पाण्याची भिंत येऊ शकते. तिच्यापुढे तीन मिलिमीटर काय आणि पाच काय, सारखेच. पावसाळ्यात सांदणमध्ये उतरू नये, आणि परदेशी घळीत पाऊल टाकण्यापूर्वी तिच्या साऱ्या पाणलोटाचे हवामान पाहावे. शंका आल्यास परत फिरावे. चांगला पोशाख अंगावर चढला की धीर वाढतो, आणि हा वाढलेला धीरच पुष्कळदा माणसास नको त्या जागी नेतो.

तेव्हा घरातील तरुण अशा मोहिमेवर निघाला तर त्यास अडवून धरण्याचे कारण नाही. साहस हे तारुण्याचे भूषणच आहे. फक्त निघण्यापूर्वी त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पाणी किती गार आणि किती वेळ? अडकून पडलात तर ओल्या अंगाने किती वेळ तग धराल? आणि वरच्या डोंगरात पावसाचा अंदाज काय? पहिल्या दोन प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली तर वस्त्राचा निकाल आपोआप लागेल. तिसऱ्याचे उत्तर समाधानकारक नसेल तर वस्त्राचा प्रश्नच उरत नाही. त्या दिवशी घळीत उतरावयाचेच नाही.