दीर्घिकांच्या भरतीची गोष्ट

सावित्री नदीत भरतीचं पाणी महाडजवळच्या दासगावपर्यंत चढतं, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. चंद्राकडची पृथ्वीची बाजू जास्त ओढली जाते, पलीकडची कमी. या फरकातून भरती येते. अशीच भरती दीर्घिकांनाही येते. तिथे पाण्याऐवजी तारे आणि वायू ओढले जातात.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. आपली आकाशगंगा त्यांपैकीच एक. बऱ्याच दीर्घिका लहान गटांत राहतात. मोठ्या समूहात त्या एकमेकींजवळून भरधाव निघून जातात, ओढीला पुरेसा वेळच मिळत नाही. लहान गटात वेग बेताचा. म्हणून त्या एकमेकींत अडकतात, घिरट्या घालतात आणि अखेर एक होतात. तारे सहसा आदळत नाहीत, कारण त्यांच्यामधली अंतरं प्रचंड असतात. आदळतो तो वायू. त्यातून आधी नव्या ताऱ्यांचं पीक येतं. पुढे वायू सरतो किंवा बाहेर फेकला जातो आणि बहुधा जुन्या, तांबूस ताऱ्यांची लंबगोल दीर्घिका उरते.

फ्रेंच खगोलज्ञ स्तेफान यांनी १८७७ मध्ये महाश्व तारकासमूहात पाच दीर्घिकांचा पुंजका शोधला. त्यातली एक आपल्याला बरीच जवळ. बाकीच्या चार सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षं दूर, खऱ्या शेजारणी. त्यांतली एक वेगानं गटात घुसते आहे. तिच्या धक्क्यानं तापलेला वायू जेम्स वेब दुर्बिणीच्या २०२२ सालच्या छायाचित्रात दिसतो. थंड हायड्रोजन मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या रेडिओलहरी टिपायला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना.

आणि आपलं काय? २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेत मिसळणार, हे अटळ मानलं जाई. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितात इतर शेजारणींची ओढही धरली, तेव्हा पुढच्या १० अब्ज वर्षांत तसं घडण्याची शक्यता जेमतेम निम्मी निघाली.

कार्तिक अमावास्येच्या सुमारास, रात्री साडेआठ-नऊला, पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना लागणाऱ्या एखाद्या गावातून वर पाहा. माथ्यापासून थोडा उत्तरेला एक पुसट ठिपका दिसेल. तीच देवयानी. महामार्गाच्या झगमगाटात ती हरवते. तेव्हा अंगणातला दिवा घटकाभर मालवा, आणि मुलांनाही बाहेर बोलवा.