दानाचा हिशेब : खाटेमागे की माणसामागे?

(मंगळवार पेठ, कोल्हापूर येथे सेवाकार्यातील कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



थंडी पडू लागली की आपल्या कोल्हापुरात पांघरुणांचे गठ्ठे बाहेर निघतात. बसस्थानक, रेल्वे स्थानक, अंबाबाईच्या देवळाचा परिसर, सीपीआर रुग्णालयाचा रस्ता अशा ठिकाणी तरुणांच्या तुकड्या रात्री उशिरा फिरतात आणि उघड्यावर निजलेल्यांच्या अंगावर पांघरूण घालून परततात. मीही हे अनेक वर्षे केले. एका हिवाळ्यात एका वृद्धाने शांतपणे विचारले, "गेल्या वर्षीही तुम्हीच आला होता ना?" त्या प्रश्नात तक्रार नव्हती, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही त्याला दोनदा पांघरूण दिले होते, नाव मात्र एकदाही विचारले नव्हते.

समाजाने विश्वासाने हाती दिलेला रुपया बेघर माणसाच्या सर्वाधिक कामी कसा येईल, एवढाच आजचा विषय आहे. सेवेत हिशेब आणणे काहींना रुचत नाही. परंतु पै-पैचा हिशेब ही कृपणता नव्हे. ज्याने दिले आणि ज्याच्यासाठी दिले, त्या दोघांचाही तो मान आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात सतरा लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रात. मोठ्या शहरांत दर लाख लोकवस्तीमागे एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. त्या जनगणनेनुसार साडेपाच लाखांच्या आपल्या शहराला किमान पाच निवारे हवेत. ते व्हावेत, यात वाद नाही. प्रश्न पुढचा आहे : निवाऱ्याच्या दारातून आत गेलेला माणूस बाहेर कोठे जातो?

समजुतीसाठी एक साधे गणित मांडू. वीस खाटांचा निवारा आहे. आलेला माणूस तेथेच राहिला, तर दहा वर्षांत आपण वीस जणांना सांभाळले. आता तीच खाट एका माणसाला तीन महिने दिली, त्या काळात उपचार केले, कागदपत्रे काढली, घरचा पत्ता शोधला आणि त्याला पोहोचते केले, तर वर्षाला ऐंशी, दहा वर्षांत आठशे माणसे होतात. त्यांतील एकतृतीयांश पुन्हा रस्त्यावर आली असे धरले, तरी पाचशेहून अधिक जण सावरले. डॉक्टर, औषधे, प्रवास यांमुळे खर्च तिप्पट झाला, तरी फळ सव्वीसपट आहे. म्हणून 'एका खाटेला रोजचा खर्च किती?' हा प्रश्न अपुरा आहे. 'एक माणूस रस्त्यावर परत न येण्यास खर्च किती?' हा खरा प्रश्न.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याला मुंबईत एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. उपचारांनी तो सावरला, तेव्हा आंध्रातील एका सुशिक्षित घरातला पदवीधर निघाला. त्यातून १९८८ मध्ये 'श्रद्धा' संस्थेचे काम सुरू झाले आणि २००६ पासून कर्जत येथे केंद्र उभे राहिले. रस्त्यावरील मनोरुग्णाला आणायचे, बरे करायचे आणि देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील त्याच्या घरी नेऊन सोडायचे, ही तेथील पद्धत. २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक माणसे स्वगृही पोहोचली होती.

ज्याचे गावच सुटले, त्याचे काय? याचे उत्तर आपल्या शहराला लागूनच आहे. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथील बराकींत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. छपरासोबत तेथे शाळा होत्या, रुग्णालय होते, त्यांचे प्रार्थनास्थळ होते. ती मंडळी गेली आणि फाळणीत सर्वस्व गमावलेले सिंधी बांधव तेथे आले. आज त्या गांधीनगरच्या घाऊक कापड बाजारात आपण सारे खरेदीस जातो. नुसत्या बराकीने हे घडले नाही. छप्पर, रेल्वे, जवळची बाजारपेठ आणि विस्थापितांचा स्वतःचा उद्यम एकत्र आले, तेव्हा छावणीचे गाव झाले. छपरावरचा खर्च रोजगाराची जोड मिळाली तरच फळतो.

मात्र या हिशेबाला एक मर्यादा आहे आणि ती विसरलो तर आपण सेवक न राहता व्यापारी होऊ. काहींना परतीची वाट उरलेलीच नसते. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांच्या 'माउली' प्रकल्पात रस्त्यावरील मनोरुग्ण भगिनी आणि त्यांची मुले कायमची राहतात. तेथे खाट रिकामी होत नाही, म्हणून ते कार्य महाग ठरवणे हा करंटेपणा होईल. उलट, जे परतू शकतात त्यांना आपण वेळीच घरी पोहोचवले, तरच ज्यांना परत जाता येत नाही त्यांच्यासाठी जागा आणि पैसा उरेल.

आणि सर्वांत स्वस्त मदत कोणती? घर सुटण्यापूर्वीची. परळला रुग्णांच्या नातेवाइकांचे पदपथावर होणारे हाल आपण ऐकून आहोत. तेथे बाहेरगावच्या रुग्णांना अल्प खर्चात आसरा देण्याचे काम नाना पालकर स्मृती समिती अनेक दशके करीत आहे. आजारपणातल्या काही आठवड्यांच्या आसऱ्याने गावाकडची जमीन आणि घर कर्जात जाण्यापासून वाचू शकते.

म्हणून यंदा पांघरुणे अवश्य न्या. थंडी कोणासाठी थांबत नाही. पण सोबत एक वही न्या. नाव, गाव, आजार, घरी कोण आहे, कोणते काम येते, इतके लिहा. दर महिन्याला त्याच माणसाकडे तोच कार्यकर्ता जाऊ द्या. विश्वास बसल्याशिवाय कोणी खरे गाव सांगत नाही. डॉक्टर मंडळींनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, उद्योजकांनी एकेका माणसाला काम द्यावे, गृहिणींनी भगिनींशी बोलण्याचे काम अंगावर घ्यावे.

पुढील वर्षीच्या अहवालात वाटलेल्या पांघरुणांची संख्या खाली लिहू. वर लिहू तो आकडा, ज्यांना यंदा पांघरुणाची गरज उरली नाही त्यांचा. तो आकडा पाच असला, तरी मला समाधान आहे.