गाडीचा मागचा दिवा



मोटारीला पुढे दिवे असतात, तसे मागेही असतात. पुढचा दिवा आपल्याला वाट दाखवतो. मग मागचा दिवा कोणासाठी? तो मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी. चालवणाऱ्याला आपला मागचा दिवा दिसत नाही, म्हणून त्याची आठवणही राहत नाही. आज त्या दिव्याविषयीच बोलू.

आपले श्रीपूर उसाच्या मुलखातले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिचा साखर कारखाना इथे उभा राहिला. गळिताचा हंगाम आला की आपले रस्ते रात्रंदिवस वाहतात. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, आणि त्यांतच एखादी जुनी फियाट. ही गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने बनवली. ती कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी. त्यांचा जन्म सोलापूरचा, बरं का! ती गाडी आता बनत नाही. पण काही घरांनी ती जपून ठेवली आहे. गाडी जुनी असली म्हणून बिघडत नाही. तिचा दिवा मात्र आंधळा होता कामा नये.

थोडे गणित करून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोरचे वाहन दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. त्यानंतर गाडी थांबायला आणखी जागा लागते. दिवा लांबून दिसला, तर ही जागा मिळते. जवळ आल्यावर दिसला, तर मिळत नाही.

दिवा अंधूक का होतो? एक कारण बाहेरची धूळ. दुसरे कारण आत शिरलेले पाणी. काच आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी असते. मेकॅनिक तिला पॅकिंग म्हणतात. ऊन खाऊन हे रबर कडक होते, तडकते. दिवा लागला की आतली हवा तापते, फुगते आणि बाहेर जाते. दिवा विझला की आतली हवा थंड होते आणि फटीतून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. तिचे थेंब काचेवर जमतात. पुढे होल्डर गंजतो आणि एके दिवशी दिवा लागतच नाही.

यावर उपाय घरी करता येतो. तो असा :

पहिल्याने, बॅटरीची जी तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली आहे, ती सोडा. मग स्क्रू काढून काच हलक्या हाताने सोडवा. आपण तिला काच म्हणतो, पण पुष्कळदा ती प्लॅस्टिकची असते. कोमट पाणी, साबण आणि मऊ फडके एवढे तिला पुरे. पेट्रोल किंवा थिनर लावू नका. त्याने प्लॅस्टिक तडकते. राखेने घासू नका, ओरखडे पडतात. आतला चकाकणारा भागही फक्त हळूच पुसा. त्याचा मुलामा गेला, तर उजेड कमी होतो.

होल्डरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. पत्र्याला जोडलेली अर्थिंगची तार जिथे बसते, ती जागाही घासून स्वच्छ करा. पुष्कळदा बल्ब चांगला असतो आणि दोष या तारेत असतो.

बल्ब बदलायचा असेल, तर जुन्यावरची अक्षरे वाचा. आपण वाचायला शिकलो ते अशाच वेळेसाठी! १२ व्होल्ट, २१/५ वॅट असे लिहिले असेल, तर त्या बल्बात दोन तारा आहेत. ५ वॅटची तार नेहमीच्या मागच्या दिव्याची, २१ वॅटची ब्रेकची. बल्बाच्या दोन खुंट्या खाली-वर असतात. त्या पाहूनच बल्ब बसवा, जोर करू नका.

आता पॅकिंग. जुने रबर खरवडून काढा, खाच कोरडी करा, नवे पॅकिंग बसवा. ते न मिळाल्यास सिलिकॉनची बारीक धार सर्व बाजूंनी फिरवा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन घेऊ नका. त्याने पत्रा गंजतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. फार आवळले तर काच फुटते. सिलिकॉन एक दिवस वाळू द्या.

एक गोष्ट विसरू नका. दिव्याच्या तळाशी बारीक भोक असेल, तर ते बुजवू नका. चुकून आत गेलेले पाणी त्यातूनच बाहेर पडते.

शेवटी परीक्षा. बॅटरीची तार जोडा. इंजिन सुरू न करता दिवे लावा आणि घरच्या कोणाला तरी मागे उभे करा. दोन्ही बाजू लागल्या का? ब्रेक दाबल्यावर उजेड स्पष्ट वाढतो का? तेही पाहायला सांगा.

ज्यांच्याकडे मोटार नाही, त्यांनाही हे लागू आहे. ट्रॉलीचा दिवा पुसा. उसाचे वाढे त्यावर लोंबू देऊ नका. बैलगाडीच्या मागे लाल चमकपट्टी लावा आणि तिच्यावरचा चिखल रोज पुसा.

मागून येणाऱ्याचे नावगाव आपल्याला माहीत नसते. त्याच्याही घरी कोणी दार उघडे ठेवून वाट पाहत असते. संध्याकाळी गाडी काढण्यापूर्वी एकदा मागे जाऊन या. दहा पावले चालावे लागेल, एवढेच.